पणजोबांच्या जमिनीचा माग : सातबाऱ्यापासून इंग्रजी अमदानीतल्या कागदांपर्यंत मागे कसं जायचं

बहुतेक लोक हा शोध उलट्या टोकाने सुरू करतात. घरात कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं की पणजोबांची ओढ्याकाठची चाळीस एकर होती, सावकाराने घशात घातली, आणि मग माणूस थेट मोडी वाचणारा गाठून पुण्याच्या पेशवे दफ्तरात जायच्या गोष्टी करतो. तिथे जाऊन काही हाताला लागत नाही, कारण तिथले कागद गाव-परगण्याच्या आणि खात्याच्या हिशोबाने रुमालात बांधलेत, तुमच्या आडनावाने नाही. जमिनीचा माग काढायचा तर आजच्या सातबाऱ्यापासून एकेक पायरी मागे जायचं, आणि मधली एकही गाळायची नाही. एक दुवा तुटला की त्यामागचा सगळा इतिहास दुसऱ्याच कुणाच्या शेताचा निघू शकतो.

दुसरी गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. इंग्रजांनी गावोगाव साखळ्या ओढून मोजणी केली ती सारा कुणाकडून वसूल करायचा ते ठरवायला, मालक कोण हा त्यांचा मुख्य प्रश्नच नव्हता. त्यामुळे १९०३ च्या (त्या साली हक्कनोंदणीचा कायदा आला) आधीच्या कागदावर एखादं नाव दिसलं तर तो सारा भरणारा खातेदार, एवढंच खात्रीने म्हणता येतं. त्याचे भाऊ होते का, जमीन कसत कोण होतं, गहाण होती का, हे त्या कागदावर बहुधा नसतंच आणि ते दुसरीकडून काढावं लागतं. अर्धी भांडणं याच गैरसमजातून होतात, "जुन्या उताऱ्यावर फक्त आमच्याच आज्याचं नाव आहे" म्हणून.

खालचं सगळं जुन्या मुंबई इलाख्यातल्या देशावरच्या गावांसाठी आहे, म्हणजे पुणे, नगर, सातारा, सोलापूर, नाशिक या बाजूला. मराठवाडा, विदर्भ, कोकण यांचं थोडं वेगळं आहे, ते शेवटी सांगतो.

पहिली पायरी : आजचा उतारा आणि हाताने लिहिलेले जुने सातबारे

ऑनलाइन सातबारा आणि आठ-अ (एका खात्यावरच्या सगळ्या जमिनींची यादी) काढा, पण तिथे थांबू नका, कॉम्प्युटरवरच्या उताऱ्यात मागचा इतिहास फारसा उरलेला नसतो. खरा माल हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यात आहे. त्यात नावांच्या शेजारी गोलात आकडे लिहिलेले दिसतील, ते फेरफार नंबर, म्हणजे नावातला बदल ज्या नोंदीने झाला तिचा क्रमांक. आणि जी नावं कंसात टाकलेली आहेत ती कमी झालेली नावं, म्हणजे मेलेली, विकून गेलेली किंवा वाटणीत दुसरीकडे गेलेली माणसं. नवीन माणूस कंसातली नावं सोडून देतो, तुम्हाला तर तीच हवीत.

हे जुने उतारे तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात तलाठीच म्हणतात) किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन होऊन महाभूमीच्या 'आपले अभिलेख' पोर्टलवर पण आलेत, आधी तिथे बघा म्हणजे खेप वाचते. फक्त स्कॅन करताना कधी कधी पानं चुकीच्या गावाखाली किंवा चुकीच्या वर्षाखाली चढलेली असतात, त्यामुळे पोर्टलवर सापडलं नाही म्हणजे कागदच नाही असं धरू नका. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी जुनी दफ्तरं खाली काढून चाळली गेली, त्यामुळे अनेक तहसीलमध्ये कुठल्या गावाचं काय शिल्लक आहे याची माहिती आता कर्मचाऱ्यांनाच आधीपेक्षा बरी असते. विचारा, लाजू नका.

एका वहीत तक्ता करा, डावीकडे वर्ष, मग नंबर, क्षेत्र, आकार, नाव, फेरफार नंबर. कंटाळवाणं आहे पण पुढे हाच तक्ता तुम्हाला वाचवणार आहे.

दुसरी पायरी : गट नंबरचा सर्व्हे नंबर करणं

इथे सर्वात जास्त लोक अडकतात. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली पुढे गावोगाव गट पडले, आजूबाजूचे तुकडे एकत्र झाले, काही ठिकाणी तर अदलाबदल होऊन माणसाची जमीनच हलली. म्हणजे आजचा गट १२३ हा इंग्रजांच्या काळात कुठल्या सर्व्हे नंबरात होता हे कळल्याशिवाय मागे जाणं शक्यच नाही. सर्व्हे नंबर १२३ आणि गट नंबर १२३ यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो, तरी लोक तोच नंबर घेऊन शंभर वर्षं मागे जातात आणि परक्याच्या खानदानाची कुंडली काढून येतात.

उपअधीक्षक भूमी अभिलेख, म्हणजे तालुक्याचं मोजणी ऑफिस, तिथे एकत्रीकरण योजनेची कागदपत्रं असतात. जुना सर्व्हे नंबर आणि नवीन गट नंबर समोरासमोर दाखवणारं पत्रक मागा आणि खातेदारांचे जबाब लिहून घेतलेले असतात ते पण मागा, कारण अदलाबदल कुणाच्या कबुलीने झाली ते जबाबात असतं. ज्या गावांत योजना झालीच नाही किंवा मध्येच रद्द झाली तिथे आजही सर्व्हे नंबरच चालतात, तुमचं काम तेवढं सोपं.

जुळणी बरोबर झाली का ते तपासायला क्षेत्र वापरा, आणि इथे एककांचा घोळ होतो तो असा. जुन्या कागदावर ३-२७ लिहिलंय म्हणजे ३ एकर २७ गुंठे, तो दशांश नाही. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणून ३-२७ म्हणजे १४७ गुंठे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट, आणि तो साधारण १.०१ आर होतो. तेव्हा १४७ गुंठ्यांचे झाले जवळपास १४८.७ आर, म्हणजे नवीन उताऱ्यावर १ हेक्टर ४८ किंवा ४९ आर दिसलं पाहिजे. एखाद-दुसऱ्या आराचा फरक पडतो, पण वीस-पंचवीस आराचा फरक पडला तर मध्ये काहीतरी झालंय, रस्त्यात गेली, वाटणी झाली नाहीतर पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) वेगळा धरलाय. गुंठ्याचे पुढे १६ आणे असतात, त्यामुळे ३-२७-८ असं दिसलं की शेवटचा ८ म्हणजे अर्धा गुंठा, आठ रुपये नव्हेत.

क्षेत्रापेक्षाही मला आकार जास्त भरवशाचा वाटतो. आकार म्हणजे त्या जमिनीवर बसवलेला सारा, आणि एकदा बसला की पुढची फेरआकारणी होईपर्यंत तो तसाच चालत येतो. रुपये-आणे-पै चे १९५७ नंतर नवे पैसे झाले एवढं लक्षात ठेवलं की ४ रुपये ८ आणे पुढे ४.५० होऊन समोर येतो. नंबर बदलला, नाव बदललं, पण आकार तोच आहे आणि क्षेत्र पण जुळतंय, म्हणजे बहुतेक तेच शेत.

तिसरी पायरी : फेरफारांची साखळी

हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ साली आला आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यातच घातला गेला. एकेका तालुक्यात तो लागू होत गेला, त्यामुळे गावाचा फेरफार नंबर १ कुठल्या साली सुरू झाला ते गावागणिक वेगळं निघतं. फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना सहा. प्रत्येक फेरफाराची नक्कल काढा, नुसता नंबर आणि नाव टिपून घेऊ नका, मजकूर वाचा.

मजकूर कसा असतो बघा. समजा लिहिलंय, "खातेदार रामजी बिन सखोजी हे मयत, वारस मुलगे दोन, धोंडी व गणू, पैकी थोरला धोंडी याचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल, वर्दी धोंडी". या दोन ओळींत चार गोष्टी आहेत. बिन म्हणजे चा मुलगा, तर तुम्हाला एक पिढी आणखी मागची फुकटात मिळाली. गणू नावाचा दुसरा भाऊ होता आणि त्याचा हक्क होता, तो पुढच्या सातबाऱ्यावर दिसणार नाही तरी पण होता. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, त्यामुळे धोंडी हा एकटा मालक म्हणून लागलेला नाही. आणि वर्दी धोंडीने दिली, म्हणजे ही माहिती त्याने सांगितलेली आहे, बहिणींची नावं त्यात का नाहीत याचं उत्तर पण तिथेच आलं. असंच अ.पा.क. दिसलं तर अज्ञान पालन कर्ता, मूल लहान होतं आणि कुणीतरी पालक म्हणून नाव लावलंय. पुढे तो पालकच मालक झाल्याच्या केसेस भरपूर आहेत, तिथे डोळ्यात तेल घालून बघा. बाईच्या नावापुढे कोम किंवा भ्रतार आलं की पुढचं नाव नवऱ्याचं.

फेरफाराच्या शेवटी तपासणी अधिकाऱ्याचा शेरा आणि सही असते. "मंजूर" की "रद्द" ते बघायचंच. तक्रार आली असेल तर तक्रारीच्या वेगळ्या रजिस्टरचा नंबर असतो, तो उतरवून घ्या, तिथे दोन्ही बाजूंचे जबाब सापडले तर घराण्याची अर्धी कथा एका पानात मिळते.

१९४८ पासून १९६५ पर्यंतचे फेरफार सगळ्यात दाट असतात. १९४८ चा कूळ कायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन (त्या दिवसापासून कूळ हा जमिनीचा खरेदीदार मानला गेला), त्यानंतर कूळ कायद्याच्या कलम ३२-ग खाली किमती ठरलेले आदेश, एकीकडे वतनं (गावकामाच्या बदल्यात मिळालेल्या जमिनी) खालसा झालेली, सगळं याच काळात. इतर हक्कांच्या रकान्यात "साधे कूळ" किंवा "संरक्षित कूळ" म्हणून आलेलं नाव पुढे मालकाच्या रकान्यात कसं गेलं ते फेरफारावरूनच कळतं. "आमची जमीन कुळाने घेतली" आणि "आमच्या आज्याला कसेल त्याची जमीन म्हणून मिळाली" या एकाच फेरफाराच्या दोन घरांतल्या दोन गोष्टी असतात. ऐकीव गोष्टींवर जाऊ नका, कागद वाचा.

पोटहिस्से पडले असतील तर आकारफोड आणि कमी-जास्त पत्रक, ज्याला सगळे कजाप म्हणतात, ते मोजणी ऑफिसातून काढा. फाळणी बारा म्हणून हिश्शांचा नकाशा असतो तोही घ्या, कुणाचा हिस्सा कुठल्या बाजूला पडला ते त्यात मापासकट आहे.

चौथी पायरी : १९०३ ची भिंत आणि तिच्या पलीकडचे सर्व्हेचे कागद

फेरफार नंबर १ च्या मागे गेलात की कागदांची जातच बदलते. हे समजायला थोडा इतिहास लागतो, थोडाच सांगतो.

पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी आधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याकडून पुण्याच्या बाजूला पाहणी करून घेतली, ती साऱ्याच्या जड दरांनी आणि चुकांनी बुडाली, लोक गावं सोडून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमाराला इंदापूर तालुक्यात नव्याने सुरुवात केली आणि तीच पद्धत १८४७ च्या संयुक्त अहवालाने सगळीकडे गेली. दर ३० वर्षांसाठी बांधून द्यायचे. जमिनीची प्रत आण्यांत लावायची, १६ आणे म्हणजे पहिल्या नंबरची. आणि सर्व्हे नंबर केवढा पाडायचा, तर साधारण एका बैलजोडीला कसता येईल एवढा, त्याहून लहान तुकडे असतील तर दोन-तीन जणांचे मिळून एकच नंबर. तुमच्या कामाची गोष्ट ही आहे. एका नंबरात तिघांची शेतं, पण खातं एकाच्या नावाने आणि बाकीचे पोटात. म्हणून १८८० च्या पत्रकावर आज्याचं नाव नाही याचा अर्थ त्याची जमीन नव्हती असा काढता येत नाही, आणि फक्त त्याचंच नाव आहे याचाही अर्थ सगळी त्याचीच होती असा निघत नाही.

या काळातले कागद मोजणी ऑफिसात असतात, नाहीतर जिल्हा अधीक्षक भूमी अभिलेखांकडे. टिपण हे शेताच्या मोजणीचं मूळ रेखाटन, साखळी आणि आण्यांतली मापं, बांध, विहीर, नाला. गुणाकार बुकात त्या मापांवरून क्षेत्र काढलेलं. प्रतिबुकात जमिनीची प्रत आणि मातीची खोली. आकारबंदात नंबरवार क्षेत्र आणि आकार. नावं हवी असतील तर शेतवार पत्रक आणि कडई पत्रक मागा. कारकुनाला "जुने रेकॉर्ड द्या" म्हटलं तर तो नाही म्हणेल, कागदाचं नाव घेऊन अर्ज करा, गाव, तालुका, जुना सर्व्हे नंबर आणि अंदाजे वर्षं घालून. "आढळून येत नाही" असं तोंडी उत्तर आलं तर ते लेखी घ्या. पुढे अपील, माहिती अधिकार, कोर्ट, कुठेही जायचं तरी लेखी उत्तर लागतं.

हक्कनोंदणीच्या आधी खातं एका नावावरून दुसऱ्या नावावर जायचं ते राजीनामा-कबुलायतीने. जुना खातेदार मामलेदाराकडे राजीनामा द्यायचा आणि नवा कबुलायत लिहून द्यायचा. हे कागद सगळीकडे टिकलेले नाहीत, पण मिळाले तर सोनं आहे.

अजून एक ओळ सातबाऱ्यावर दिसते ती "नवीन अविभाज्य शर्त". तिची मुळं १९०१ च्या दुरुस्तीत आहेत. दुष्काळात सारा थकून सरकारजमा झालेल्या जमिनी परत देताना विकायचा-गहाण टाकायचा हक्क न देता द्यायच्या, म्हणजे त्या सावकाराकडे जाणार नाहीत, अशी ती कल्पना. शेतकऱ्याची पत बुडेल म्हणून फिरोजशहा मेहता, गोखले वगैरे मंडळी तेव्हा विरोध करून कौन्सिलमधून उठून गेली होती. कोण बरोबर होतं यावर मला अजून ठाम मत बनवता आलेलं नाही, पण तुमच्या जमिनीवर ही शर्त असेल तर ती कुठल्या आदेशाने आली ते शोधा, नुसती पिढ्यानपिढ्या छापली जातेय म्हणून मान्य करू नका.

पाचवी पायरी : खरेदीखतं, गहाणखतं आणि सावकार

सरकारी पत्रकं सारा सांगतात, दस्त व्यवहार सांगतात. नोंदणीकृत दस्त दुय्यम निबंधकाकडे, जुनी पुस्तकं बऱ्याचदा जिल्ह्याच्या ऑफिसात हलवलेली असतात. पुस्तक क्रमांक १ स्थावर मिळकतीचं, त्याच्या सूची दोन प्रकारच्या, सूची १ माणसांच्या नावाने आणि सूची २ मिळकतीच्या नावाने. सगळे इंडेक्स टू म्हणतात ती हीच. पुस्तक १ आणि त्याच्या सूची फी भरून कुणालाही बघता येतात, तुम्ही पक्षकार असायची गरज नाही. मृत्युपत्रं पुस्तक ३ मध्ये, तिथे मात्र बंधनं आहेत. एक मर्यादा लक्षात ठेवा, १०० रुपयांच्या आतल्या व्यवहाराला नोंदणी सक्तीची नव्हती आणि त्या काळी १०० रुपयांत बरीच जमीन यायची.

इथे देशावरच्या चार जिल्ह्यांना एक वेगळा फायदा आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर जाऊन खतं-रोखे जाळले, दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले, त्यातून १८७९ चा दक्षिणेतल्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर याच जिल्ह्यांना होता आणि त्यात शेतकऱ्याने करून द्यायचे दस्त गावच्या रजिस्ट्रारसमोर लिहायची तरतूद होती. त्यामुळे या भागात १८८० नंतर एरवी कुठेच न नोंदले जाणारे छोटे छोटे रोखे पण कागदावर आलेले आहेत. आणि १८७५ च्या आधीचं कर्ज घरात फक्त तोंडी ऐकलेलं असेल, कागद कुठेच नसेल, तर त्याचं कारण जळालेलं पण असू शकतं.

दस्त वाचताना आधी प्रकार ओळखा. खरेदीखत म्हणजे कायमची विक्री. नजरगहाण म्हणजे कर्जाला जमीन तारण, ताबा शेतकऱ्याकडेच. ताबेगहाण म्हणजे जमीन सावकाराच्या ताब्यात, पीक व्याजापोटी त्याचं. मुदतखरेदी ही सगळ्यात फसवी, वरून खरेदी आणि आत अट की अमुक वर्षांत पैसे परत केले तर जमीन परत. मुदत गेली की सावकार म्हणतो कायम झाली. शेतकऱ्यांच्या त्या कायद्याने कोर्टाला कागदाच्या मागे जाऊन खरा हिशोब काय होता ते उकरायची मुभा दिली होती, म्हणून अशा दस्तानंतर दहा-वीस वर्षांत दिवाणी दावा झालाय का ते पण बघा. फेरफारात "कोर्टाच्या निकालाप्रमाणे" असा शेरा दावा नंबरासकट सापडतो.

मग चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचं शेत, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस तमका. स्वतःचा दस्त मिळत नसेल तर शेजाऱ्याचे दस्त काढा, त्याच्या चतुःसीमेत तुमच्या आज्याचं नाव येतं आणि त्या साली त्या बाजूला तो होता हे तिसऱ्याच माणसाच्या कागदावरून सिद्ध होतं. ही युक्ती मला स्वतःला सगळ्यात आवडते, कारण शेजाऱ्याला त्या वेळी खोटं लिहायचं काही कारणच नसतं.

सहावी पायरी : इनाम, वतन असेल तर

उताऱ्यावर दुमाला (सारा पूर्ण किंवा काही माफ असलेली इनाम जमीन), इनाम वर्ग असे शब्द असतील तर वेगळी वाट धरायची. गाव नमुना तीन दुमाला जमिनींचा. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसलं, त्याने सनदा तपासल्या, पुढे १८६३ च्या दोन कायद्यांनी ठरावीक रक्कम भरून इनामं कायम करायची सोय केली. पेशवे दफ्तर म्हणजे आजचं पुणे पुराभिलेखागार, तिथे जायची वेळ आता येते, हातात गाव, परगणा, इनामाचा प्रकार आणि सनदेचं साल असताना. इनामाच्या वर्गांत देवस्थान वर्ग तीन, महार वतन वगैरे सहा-ब. १८७४ च्या वतन कायद्याने वतनाची जमीन वतनदार घराण्याबाहेर विकता येत नव्हती, त्यामुळे नाव वतनदाराचं आणि वहिवाट दुसऱ्याची असं पन्नास-पन्नास वर्षं चाललेलं दिसतं. १९५० नंतर एकेक वतन रद्द झालं आणि जमिनी रिग्रँट झाल्या, म्हणजे नजराणा भरून घेऊन परत दिल्या गेल्या. रिग्रँटचा आदेश आणि नजराण्याचं चलन मिळाल्याशिवाय हा दुवा पक्का होत नाही.

मोडी, सनावळी आणि सुटे आकडे

महसुलाचे गावपातळीचे कागद विसाव्या शतकात बरेच पुढेपर्यंत मोडीत सापडतात. पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं, शिकायला हरकत नाही, पण घाईत असाल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. त्याला आधी असा एक कागद द्या ज्याचा मजकूर तुम्हाला दुसरीकडून माहीत आहे. वाचलं बरोबर तर पुढचे द्या. मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ बघत नाहीत, आणि रा। म्हणजे राजश्री, पा। म्हणजे परगणे, मा।र म्हणजे मजकूर असे संक्षेप असतात, म्हणून नावं वाचताना दोन माणसांत फरक पडतो.

अपूर्णांक उभ्या रेघांनी लिहितात, एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. १२॥। म्हणजे पावणेतेरा. यात एक रेघ पुसट झाली की जमीन कमी होते, भिंगाने बघा.

सनांचं गणित असं. शकात ७८ मिळवा. दक्षिणी फसलीत ५९० मिळवा, म्हणजे फसली १३०० हे १८९०-९१. सुहूर सन अरबी शब्दांत येतो आणि तो उलटा वाचायचा, "खमस अशर मयातैन व अलफ" म्हणजे पाच, दहा, दोनशे आणि हजार, १२१५, त्यात ५९९ मिळवले की १८१४-१५. फसली आणि सुहूर वर्षं जून महिन्याच्या आगेमागे सुरू होतात, म्हणून नेहमी जोडवर्ष लिहा. बिघे आणि चाहूर दिसले तर १२० बिघ्यांचा चाहूर, पण बिघा सगळीकडे सारख्या मापाचा नव्हता म्हणून त्याचे एकर करत बसू नका, सर्व्हे झाल्यानंतरचं क्षेत्र धरा.

माणूस तोच आहे ना

जुन्या नोंदींत आडनावं बरेचदा नसतातच, असतं ते नाव, बापाचं नाव आणि जात. एका गावात एकाच वेळी चार धोंडी बिन रामजी असू शकतात. तीन पिढ्या जुळल्या आणि शेत पण जुळलं तरच मान्य करा. मेल्याची तारीख गाव नमुना चौदाच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत शोधा आणि ती वारस फेरफाराशी ताडून बघा. घराण्याचे लोक नाशिक-त्र्यंबकला गेले असतील तर तिथल्या उपाध्यांच्या वह्यांत भाऊ, चुलते, मुलगे अशी नावं असतात, ती महसुली नोंदीला चांगला टेकू देतात, एकट्या वहीवर इमारत उभी करू नका.

वकिलाकडे जाताना हे माहीत असू द्या की हक्कनोंदणीतली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, पण तेवढ्याने मालकी ठरत नाही, त्याला मागचा दस्त किंवा वारसा लागतो. आणि शंभर वर्षांपूर्वीची अन्यायाची गोष्ट कागदावर सापडली म्हणजे जमीन परत मिळाली असं नाही, मुदतीचा कायदा आहे, मधले खरेदीदार आहेत. हे वकील फी घेतल्यावर सांगतो, मी आधीच सांगतोय.

दुसऱ्या भागातल्यांसाठी

मराठवाडा निजामाकडे होता, तिथे जुने कागद उर्दूत, आणि १९५४ च्या आसपासचं खासरा पत्रक हा मधला मुख्य टप्पा, त्याबरोबर पाहणी पत्रक. नागपूरकडे मालगुजारी होती, तिथे मिसल बंदोबस्त आणि अधिकार अभिलेख मागा. वऱ्हाडात मात्र रयतवारी मुंबईच्या धर्तीवर, त्यामुळे वरचं बरंचसं तिथे चालेल. रत्नागिरी बाजूला खोती, १८८० चा खोतीचा कायदा आणि १९४९ चं खोती निर्मूलन या दोन तारखांच्या मधले कागद खोताच्या नावाने शोधा, कुळाचं नाव आत सापडेल. कोल्हापूर आणि इतर संस्थानांची दफ्तरं वेगळी, आधी गाव १९४८ पूर्वी कुठल्या संस्थानात होतं ते काढा.

घरच्या कागदांचं

घरात ट्रंकेत जुने स्टॅम्पचे कागद असतील तर ते लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, घडीवर इस्त्री फिरवू नका. उन्हात सपाट पसरून न ठेवता सावलीत वारं द्या, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागच्या बाजूला स्टॅम्प विकणाऱ्याची नोंद आणि तारीख असते आणि दस्त खरा की मागाहून बनवलेला ते ओळखायला ती कामाला येते. मूळ कागद कुणालाही "जरा वाचून देतो" म्हणून घरी नेऊ देऊ नका, भावकीतला असला तरी, झेरॉक्स द्या. आणि तक्त्याची एक प्रत चुलत्यांकडे पण ठेवा, त्यांच्या ट्रंकेतला एखादा फेरफार तुमच्या तक्त्यातली रिकामी ओळ भरणारा निघतो.